इंजिनाची पहिली लाइफबोट आणि 'रोहिला'चे तीन दिवस

मचवा

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. गेल्या सफरीत आमचं जहाज इंग्लंडात टीज नदीच्या मुखाशी माल उतरवायला लागलं होतं. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून व्हिटबीला गेलो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं हे जुनं मासेमारीचं गाव. तिथल्या लारपूलच्या दफनभूमीत एक स्मारक आहे. ते बघायचंच होतं, कारण ते ज्या कंपनीने उभारलं तिच्याच बोटींवर माझे पणजोबा आगवाले होते. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, म्हणजे रत्नागिरीकडच्या जुन्या माणसांची 'बी.आय.'

स्मारक 'रोहिला' बोटीतल्या लोकांचं आहे. १९०६ साली बेलफास्टला बांधलेली ही बोट साउदम्प्टन ते कलकत्ता अशी चालायची. नावही आपल्याकडचंच, रोहिलखंडच्या रोहिल्यांवरून घेतलेलं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने तिला दवाखान्याची बोट केलं. ३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे स्कॉटलंडहून डंकर्कला जखमी सैनिक आणायला जाताना ती व्हिटबीच्या थोडं दक्षिणेला सॉल्टविक नॅबच्या खडकावर चढली. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे बंद, आणि ईशान्येकडून तुफान वारा. बोटीत २२९ माणसं. कॅप्टन नीलसन शेवटपर्यंत म्हणत राहिले की बोट आधी सुरुंगाला लागली.

सॉल्टविकच्या कड्यावर मी बराच वेळ उभा होतो. खडक जिथे आहे ती जागा इतकी जवळ आहे की पोटात गोळा येतो. किनाऱ्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. माणसं कठड्याला धरून उभी आहेत, बोटीचे तुकडे होताहेत, आणि कड्यावर जमलेल्या गावाला ती दिसताहेत. हे तीन दिवस चाललं.

आधी एक खुलासा. लाइफबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जहाजाच्या कडेला टांगलेली होडी येते. मी बोलतोय ती वेगळी. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये कायम तयार ठेवलेली, बावटा किंवा दारूचा बाण दिसला की गावातल्या कोळ्यांनी वादळात ढकलत न्यायची आणि परक्या बोटीवरच्या माणसांना सोडवून आणायची, ती होडी. ब्रिटनमध्ये हे काम १८२४ पासून रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही संस्था देणग्यांवर चालवते. होडीवरची बहुतेक माणसं स्वयंसेवक, तेव्हाही आणि आजही.

तर व्हिटबीला वल्ह्यांच्या दोन लाइफबोटी होत्या. बंदराच्या तोंडातून बाहेर पडणं अशक्य, म्हणून 'जॉन फील्डन' ही होडी लोकांनी धक्क्याच्या भिंतीवरून उचलून पलीकडे काढली आणि खडकांवरून ओढत बुडणाऱ्या बोटीच्या समोर आणली. यात तिच्या तळाला भोक पडलं. तशाच होडीतून ते दोनदा गेले. पहिल्या खेपेत परिचारिका आणि एक स्टुअर्डेस यांना आणलं. (ही बाई, मेरी रॉबर्ट्स, अडीच वर्षांपूर्वी 'टायटॅनिक'वर होती. तिथूनही वाचली होती.) दोन खेपांत ३५ माणसं आणली. तिसऱ्या खेपेला होडीच उरली नव्हती.

मग शेजारच्या अपगँगची लाइफबोट गाडीवर घालून रस्त्याने आणली, दोर लावून कड्यावरून खाली सोडली. लाटा इतक्या की ती बोटीपर्यंत पोचलीच नाही. स्कारबरोची लाइफबोट वाफेच्या ट्रॉलरने ओढून आणली, रात्रभर जवळ थांबली, आत शिरता आलं नाही. वल्ह्यावर कितीही जीव काढला तरी अशा वाऱ्यात होडी पुढे सरकत नाही, हे त्या दोन दिवसांत सगळ्या गावाने पाहिलं. काहींनी पाण्यात उड्या टाकल्या. लोक कमरेइतक्या पाण्यात साखळी करून त्यांना ओढत होते. काही हाती लागले, बरेच गेले.

शनिवारी ७० किलोमीटर उत्तरेला टाइनमथला निरोप गेला. तिथे 'हेन्री व्हर्नन' होती, त्याच वर्षी आलेली ४० फुटी, इंजिन बसवलेली लाइफबोट. कॅप्टन बर्टन आणि तांडेल रॉबर्ट स्मिथ दुपारी उशिरा निघाले. पूर्ण अंधार, किनाऱ्यावर एक दिवा नाही, समोरून समुद्र. मध्यरात्रीनंतर व्हिटबीला पोचले. खडक माहीत असलेला तिथला एक माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घेतला आणि रविवारी उजाडताना बाहेर पडले. बोटीच्या वाऱ्याकडच्या अंगाला जाऊन तेलाचे डबे समुद्रात ओतले. तेलाचा थर पसरला की लाट उठते पण फुटत नाही. तेवढ्या अवधीत होडी बोटीला भिडवली आणि दोरावरून माणसं उतरवून घेतली. उरलेले सगळे ५० जण. कॅप्टन नीलसन सगळ्यांत शेवटी उतरले, हातात बोटीवरची मांजर घेऊन.

२२९ पैकी ८५ गेले. बार्नोल्ड्सविक नावाच्या एका छोट्या गावातून सेंट जॉन अँब्युलन्सचे १५ जण या बोटीवर गेले होते, त्यातले १२ परतले नाहीत.

आता माझा खरा विषय. इंजिनाची लाइफबोट १९१४ ला काही नवलाची नव्हती. तिचे प्रयोग १९०४ पासून चालू होते. मग किनाऱ्याकिनाऱ्यावर ती का नव्हती? मला पटलेलं उत्तर असं की पैसा हे कारण होतंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे इंजिनावर कोणाचा विश्वास नव्हता. आणि तो नसणं अगदी रास्त होतं.

इंजिन बसवायला 'जे. मॅककॉनेल हसी' ही फोकस्टनची ३८ फुटी जुनी वल्ह्यांची होडी घेतली. दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद नऊ-दहा अश्वशक्ती. आज गावातल्या तरुणाच्या दुचाकीला याहून जास्त ताकदीचं इंजिन असतं. १९०५ ला ती टाइनमथला पाठवली. तिथल्या जुन्या खलाशांनी तिच्याकडे संशयानेच पाहिलं. पेट्रोलची टाकी, ठिणगी पाडणारी वायर आणि खारं पाणी हे सगळं एका होडीत! शेवटी तिथल्या लष्करी इंजिनियरांचे अधिकारी बर्टन पुढे आले. त्यांनी आपल्या पलटणीतले जवान घेऊन होडी चालवून दाखवली, एकदा नाही, वर्षानुवर्षं. हळूहळू कोळ्यांचा धीर चेपला. 'रोहिला'कडे जाणारे बर्टन ते हेच. त्या रविवारच्या मागे नऊ वर्षांची खटपट आहे आणि ती मला त्या सुटकेइतकीच मोठी वाटते.

इंजिनाला नेमक्या काय अडचणी होत्या ते जाणकारांनी लिहावं. मी मोठ्या जहाजांवरचा माणूस, पेट्रोल इंजिनाशी माझा संबंध कमी.

हर्णैकर

मचवादादा, रात्री वाचायला घेतलं आणि झोप उडाली. कड्यावरून होडी दोराने सोडली हे दोनदा वाचलं.

विश्वासाबद्दल लिहितो, कारण हे आमच्या घरात घडलेलं आहे. आमच्या बंदरात होड्यांना इंजिनं लागली ती स्वातंत्र्यानंतर. आजोबा शिडाचे. घरात पहिलं इंजिन आलं तेव्हा ते म्हणाले, आवाजाने मासळी पळेल, आणि पहिला महिनाभर ते त्या होडीत चढले नाहीत. काका चालवायचे. पण खरी गोष्ट त्यांनी फार नंतर मला सांगितली. मासळीचं निमित्त होतं. शीड फाटलं तर मला शिवता येतं, वल्हं मोडलं तर दुसरं घेता येतं, यातलं काही बिघडलं तर मी नुसता बसून राहणार, असं ते म्हणाले. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, त्याला आपल्याच होडीत हात बांधल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी शीड आणि डोलकाठी काही काढू दिली नाही. पुढची कैक वर्षं ती होडीत पडून होती.

मचवा

हर्णैकर, अगदी हेच. इंग्लंडातही इंजिनाच्या लाइफबोटींवर शिडं आणि वल्ही पुढे दशकानुदशकं ठेवलेली होती. १९०९ ला स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत स्ट्रॉमनेस आणि स्ट्रॉन्सेला इंजिनासाठीच बांधलेल्या लाइफबोटी गेल्या, त्यांनाही पूर्ण शिडं होती. इंजिनाला तेव्हा मदतनीस समजत, मालक नाही.

'हात बांधल्यासारखं' हे मी लिहून ठेवतो आहे.

डिझेलमिस्त्री

तीस वर्षं मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आहे, त्यामुळे मचवाभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर देणं भाग आहे.

सगळ्यात आधी ठिणगी. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते आणि ओल हा ठिणगीचा काळ. पावसाळ्याच्या तोंडाला मशीन चालू होत नाही म्हणून माणसं माझ्याकडे यायची, तेव्हा मी प्लग काढून स्टोव्हवर तापवून, पुसून गरम गरम परत बसवायचो. दोरी ओढली की चालू. हे बंदरात जमतं. लाट अंगावर कोसळत असताना, अंधारात, होडीच्या तळाशी उकिडवं बसून कोण प्लग तापवणार? म्हणून लाइफबोटीचं इंजिन पाणी न शिरेल अशा पेटीत बंद करावं लागलं. पेटी बंद केली की दुसरा त्रास, इंजिनाला हवा कुठून द्यायची? हवेची नळी उंच न्यायची, पण तिच्यातून लाट आत यायला नको. पुढे तर अशी इंजिनं बनवली की खोली पाण्याने भरली तरी नळीचं तोंड वर आहे तोवर इंजिन चालू राहील. कारखान्यातलं इंजिन उचलून होडीत ठेवलं, असं हे काम नव्हतंच.

दुसरी गंमत सांगतो, कौतुकाची. त्या काळच्या बऱ्याच लाइफबोटी उलटल्या तर आपोआप सुलट होणाऱ्या असत. खाली जड लोखंडी कणा, पुढे-मागे उंच हवाबंद कप्पे. आता विचार करा, होडी उलटली, माणसं पाण्यात पडली, होडी सुलट झाली आणि इंजिन चालूच आहे. होडी एकटीच निघून जाईल, माणसं मागे. म्हणून उलटताक्षणी इंजिन आपोआप बंद पडलं पाहिजे, अशी सोय करावी लागली. म्हणजे भिजून बंद पडता कामा नये आणि उलटल्यावर चालू राहता कामा नये. या दोन अटी एकत्र पाळणारं यंत्र १९०५ च्या सुमाराला करायचं होतं. ज्याने केलं त्याचे पाय धरावेत.

तिसरं, पंखा. फुटलेल्या जहाजाभोवती दोर, फळ्या, जाळी असं सगळं तरंगत असतं. पंख्यात दोर अडकला की संपलं. म्हणून पंखा तळाच्या खाचेत, बोगद्यासारख्या पोकळीत आत घेतला. त्याने ढकलण्याची ताकद थोडी कमी होते, पण वाळूवर होडी टेकली तरी पंखा शाबूत राहतो.

सुकाणू

लेख उत्तम, पण माझी एक हरकत आहे आणि ती मनापासून आहे.

वाचताना असं वाटतं की वल्ह्यांच्या होड्या हरल्या आणि इंजिनाने येऊन वाचवलं. 'जॉन फील्डन'च्या माणसांनी फुटक्या होडीतून ३५ जणांना आणलं ते पहिल्या दिवशी, समुद्र खवळलेला असताना. 'हेन्री व्हर्नन' तिसऱ्या दिवशी गेली. व्हिटबीचे तांडेल थॉमस लँगलंड्स यांनाही सुवर्णपदक मिळालं होतं, ते लेखात नाही.

आणि इंग्लंडातला सगळ्यात नावाजलेला लाइफबोटवाला, क्रोमरचा हेन्री ब्लॉग, त्याचं पहिलं सुवर्णपदक वल्ह्यांच्या होडीवरचं आहे. जानेवारी १९१७. तरुण पोरं युद्धावर, होडीत उरलेले बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. सकाळी एका ग्रीक बोटीवरून १६ जण आणले. तेवढ्यात 'फर्नेबो' ही स्वीडिश बोट सुरुंगाने दुभंगली. पुन्हा होडी ढकलली, लाटांनी वल्ही मोडली, परत फिरावं लागलं. नवी वल्ही घेऊन पुन्हा गेले आणि ११ जणांना घेऊन आले. ब्लॉगला पोहता येत नव्हतं. इंजिनाशिवाय हे झालं.

मचवा

सुकाणू, लँगलंड्सचं नाव राहिलं ही चूक माझी. बर्टन, स्मिथ आणि लँगलंड्स तिघांनाही संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. तुम्ही आठवण केलीत ते बरं झालं.

इंजिन म्हणजेच सगळं, असं मला म्हणायचं नाही. 'रोहिला'च्याच वेळी टीजमथहूनही इंजिनाची लाइफबोट निघाली होती. वाटेत तिच्या तळाला गळती लागली आणि तिला परत जावं लागलं. म्हणजे इंजिन असूनही ती पोचली नाही. मुद्दा माणसाच्या हिमतीचा नाहीच. हिंमत त्या गावांत आधीपासून होती, इतकी होती की तिचाच वापर होत राहिला. १५ नोव्हेंबर १९२८ ला राय हार्बरची 'मेरी स्टॅनफर्ड' वल्ही-शिडाची लाइफबोट १७ जणांना घेऊन निघाली. ज्या बोटीसाठी निघाली तिच्यावरचे लोक दुसऱ्या जहाजाने आधीच उचलले होते. परत या असा इशारा किनाऱ्यावरून दिला, तो वादळात त्यांना दिसला नाही. सतराच्या सतरा गेले. एका छोट्या खेड्यातले भाऊ, बाप-लेक. तोवर इंजिनाच्या लाइफबोटींना वीस वर्षं होऊन गेली होती. ते वाचल्यापासून 'त्यांनी वल्ह्यांवरच केलं' हे कौतुक मला पूर्णपणे करता येत नाही.

सुकाणू

राय हार्बरचं माहीत नव्हतं. तुमचं म्हणणं कळलं.

नीलसागर

सुंदर धागा. बाळबोध प्रश्न आहे. इंजिनाने होडीचा वेग किती वाढला?

डिझेलमिस्त्री

फारसा नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीवर अडतो. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल, असं येतं. ३६ फुटांचं वर्गमूळ सहा, म्हणजे साधारण आठ नॉट. त्यापुढे दुप्पट ताकद लावली तरी होडी स्वतःच्याच लाटेत बसते. तेव्हाच्या लाइफबोटी सात-आठ नॉटच्याच.

फरक पडला तो दिशेत. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, नागमोडी जावं लागतं. वल्ह्याची जाते, पण माणसं थकतात. इंजिनवाली वाऱ्याच्या नाकासमोर तासन् तास तोच वेग धरून जाते. आणि पोचल्यावर माणसं ताजी असतात. बारा जण जे ओढण्यात संपले असते त्यांचे हात दोर धरायला मोकळे राहतात.

मचवा

यात एक भर घालतो. बुडत्या बोटीजवळ पोचल्यावरची शेवटची वीस-तीस फुटं सगळ्यांत वाईट. वल्ह्याची होडी तिथे नांगर टाकून दोर सोडत सोडत मागे सरकायची, कारण बोटीला भिडली की वल्ही मोडतात. इंजिनवाली होडी पुढे जरा, मागे जरा करत तिथे टिकून राहू शकते. 'हेन्री व्हर्नन'ने तेच केलं.

१९२३ ला लिव्हरपूलजवळ न्यू ब्रायटनला ६० फुटी लाइफबोट आली, 'विल्यम अँड केट जॉन्स्टन'. दोन इंजिनं, दोन पंखे. एक बंद पडलं तर दुसरं. हर्णैकरांच्या आजोबांच्या शंकेला मिळालेलं खरं उत्तर हे. दोन इंजिनं आल्यावरच शिडांची गरज हळूहळू सुटत गेली.

थेम्सकाठची

नमस्कार मंडळी, मी इंग्लंडात एसेक्सला असते. वाफेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. पेट्रोलच्या आधी वाफेवर प्रयोग झाले होते. 'ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँड' ही वाफेची लाइफबोट १८९० ला सेवेत आली. तिला पंखाच नव्हता. यंत्राने पाणी आत ओढून जोराने बाहेर फेकायचं आणि त्या धक्क्याने होडी पुढे. डिझेलमिस्त्रीकाकांनी सांगितलेला दोर अडकण्याचा प्रश्न त्यांनी असा सोडवला होता. ती १९२३ पर्यंत चालली. पण वाफ धरायला वेळ लागायचा, बॉयलर जड, होडी कायम खोल पाण्यात उभी ठेवावी लागायची. पुळणीवरून ढकलता येत नव्हती. अशा मोजक्याच बांधल्या. त्यातली पॅडस्टोची १९०० साली बंदराबाहेर पडताना एका लाटेने उलटली. अकरा जणांतले आठ गेले.

गंमत म्हणजे आजची त्यांची नवी शॅनन जातीची लाइफबोटही पाण्याच्या झोतावर चालते, तिलाही पंखा नाही. झोताकडे परत यायला मात्र मधली शंभरेक वर्षं जावी लागली.

माझ्याकडून जवळच वॉल्टन-ऑन-द-नेझ आहे. तिथे 'जेम्स स्टीव्हन्स नंबर १४' अजून आहे. १९०० ची होडी, १९०६ ला इंजिन बसवलं. जगात उरलेल्या इंजिनाच्या लाइफबोटींत सगळ्यात जुनी हीच मानतात. डिसेंबर १९१७ मध्ये 'पेरेग्रिन' बोट वाळूच्या दांड्यावर चढली तेव्हा हिने ९२ जणांना आणलं, सगळे प्रवासी आणि सगळे खलाशी. पुढे ती विकली गेली, कोणी घर म्हणून राहत होतं तिच्यात. नंतर गावकऱ्यांनी परत मिळवून नीट केली. मी अजून पाहिलेली नाही, जूनमध्ये जाणार आहे.

कापूसवेचणी

एक छोटीशी भर. याच सुमाराला, १९०४ ला, लाइफबोटवाल्यांचं जाकीटही बदललं. आधी बुचाचं होतं, कडक आणि जाड, वल्हं मारताना अडायचं. त्याजागी कापोक भरलेली जाकिटं आली. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, आपल्या लाल सावरीच्या नात्यातला. आजीच्या उशीत भरतात तसलाच. मेणासारखा थर असतो त्याच्या तंतूंवर, म्हणून पाणी धरत नाही.

रेवस_बंदर

धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गावात असं घर नाही जिथे कोणी ना कोणी गेलं नाही. आज्जी तेव्हा नऊ वर्षांची. ती आणि तिची आई रेवसच्या धक्क्यावर तिच्या मामांची वाट बघत उभ्या होत्या. पाऊस होता, बोट उशिरा येईल असं सगळे म्हणत होते. आज्जी सांगते, दुपारपर्यंत कोणालाच काही वाटलं नाही. एका बाईने डोक्यावरची भाकरीची टोपली खाली ठेवून सगळ्या पोरांना अर्धी अर्धी भाकरी दिली, कारण वाट बघून पोरं रडायला लागली होती. आज्जीला त्या दिवसातलं सगळ्यात आधी ती भाकरी आठवते.

मासळी घेऊन मुंबईकडे चाललेल्या कोळ्यांनी आपला माल सोडून जमतील तेवढी माणसं पाण्यातून उचलली. मुंबईत बातमी पोचायला संध्याकाळ झाली.

मचवादादा, मला विचारायचंय, मुंबई बंदरात तशी एखादी लाइफबोट असती तर?

मचवा

ताई, उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

ती जागा मुंबईपासून साधारण १३ किलोमीटर, म्हणजे सात सागरी मैल. आठ नॉटची १९२३ सालची लाइफबोटसुद्धा, समोरून समुद्र धरूनही, दीड तासात पोचली असती. न्यू ब्रायटनची ती ६० फुटी होडी शंभराहून जास्त माणसं घेऊ शकत होती. बोट काही मिनिटांत गेली, तिच्यात अडकलेल्यांना कोणी काढू शकलं नसतं. पण पावसाळ्यातलं आपलं पाणी उत्तर समुद्रासारखं गार नसतं. फळी धरून माणूस तासन् तास टिकतो, आणि तसे टिकलेले होतेच. त्यातले कितीतरी हाती लागले असते, हे मी ठामपणे म्हणतो.

मात्र नुसती होडी पुरली नसती. बातमीच संध्याकाळी आली. व्हिटबीला कड्यावर पहारेकरी होता, बाण उडवणारा होता, आणि शेडपाशी कोणी यायचं हे ठरलेलं होतं. इंजिनाच्या आधी ही रचना ऐंशी वर्षं उभी होती, इंजिन तिच्यात येऊन बसलं. आपल्याकडे तटरक्षक दल झालं १९७७ ला, 'रामदास'नंतर तीस वर्षांनी. तोपर्यंत आपली लाइफबोट म्हणजे जवळून जाणारा कोळी.

आज्जींना माझा नमस्कार सांगा. त्या बोलत असतील तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, जमेल तेवढं.

रेवस_बंदर

घेते. रविवारी जाणार आहे गावाला.

हर्णैकर

ताई, आमच्याकडेही म्हातारी माणसं पावसाळ्यात लाँच निघताना अजून 'रामदास'चं नाव काढतात. हर्णैला, इतक्या लांब.

मचवादादा, वल्ह्याची शेवटची लाइफबोट कधी थांबली?

मचवा

१९५७ ला, आणि कुठे म्हणाल तर व्हिटबीलाच. 'रॉबर्ट अँड एलन रॉबसन' तिचं नाव. व्हिटबीला इंजिनाची लाइफबोट पहिल्या महायुद्धानंतर लगेच आली होती, पण वल्ह्याची दुसरी होडी त्यांनी ठेवली. खडकांच्या आत, उथळ पाण्यात, जिथे मोठी होडी शिरत नाही तिथल्यासाठी. तिथल्या संग्रहालयात मी ती पाहिली. वल्ही आत ठेवलेली आहेत. एक उचलून बघू का असं विचारलं, तिथल्या आजोबांनी हो म्हटलं. दोन्ही हातांनी उचलावं लागलं, आणि टोक हवेत स्थिर धरणं मला काही जमलं नाही. मुठीची जागा घासून आतल्या बाजूने चपटी झाली आहे.

थेम्सकाठची

मी वॉल्टनला जाईन तेव्हा तुमच्यासाठी काय बघून येऊ? फोटो तर काढीनच.

डिझेलमिस्त्री

इंजिन मूळचं नसणार, त्यामुळे त्याच्यात वेळ घालवू नका. आत शिरू दिलं तर इंजिनाची पेटी कुठे बसवली आहे ते बघा. पुढच्या वल्हेकऱ्यांच्या बाकापासून किती अंतर आहे, वितीने मोजलंत तरी चालेल. आणि होडी बाहेर काढलेली असेल तर मागून खाली वाकून पंख्याचा फोटो.

मचवा

आणि शिडाची डोलकाठी अजून आहे का, तेही.